भैरवी म्हणजे पुऱ्या

आमच्या गावात शास्त्रीय गाणं कुणाला कळत नाही, पण भैरवी शेंबड्या पोरालाही ओळखू येते. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, काल्याला, देवळापुढच्या मांडवात सकाळपासून गाणं चालतं. शेवटी भैरवी सुरू झाली की पंगत बसते. पेटीवर ते सूर वाजले रे वाजले की माणसं चपला शोधायला लागतात, बाया पिशवीतून ताटं काढतात आणि देवळामागं कढईत पुऱ्या पडतात. "भैरवी झाली काय?" असं आमच्याकडं एकमेकांना विचारतात, ते जेवण झालं का या अर्थानं. मी धनजला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या विमलबाईंनी मला हे विचारलं. मला वाटलं, काय रसिक गाव मिळालं! रसिक कसलं, खादाड.

मला राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी 'तनुजा, जरा गोड बोल' म्हणायला नको. ही हकिकत माझ्या सासूची, कस्तुराबाईची आहे. तिच्याबद्दल गोड बोलायचं तर गावाबद्दल कडू बोलावंच लागतं, त्याला माझा इलाज नाही.

सासूला मी आईच म्हणते. तिचं माहेर जऊळक्याचं. बापाचा भाजीपाला होता आणि आई लहानपणी टोपली घेऊन स्टेशनाजवळच्या क्वार्टरात मेथी विकायला जायची. तिथं कुणी दूरदेशचे एक बाबू राहायचे. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी ते देवापुढं बसून गायचे. आई त्यांच्या ओट्यावर टोपली ठेवायची आणि बसूनच राहायची. ते गाणं काय होतं, भाषा कुठली होती, तिला काहीच समजत नव्हतं. देवाचं होतं एवढं कळत होतं. मेथी सुकायची, घरी गेल्यावर बापाचा मार पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी ही बया पुन्हा त्याच ओट्यावर.

आजही तिला रागांची नावं येत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणते, "मले काय पुसता? ज्याचं त्याले पुसा." पण गाणं लागलं की ती बदलते. डोळे मिटत नाही, मान डोलवत नाही. ती शिव्या देते. एखादी जागा मनासारखी आली की तिच्या तोंडून निघतं, "आरे मेल्या!" त्याहून चांगली आली तर, "मुडद्या, मारतं का मले!" माझ्या मोबाईलवर मी तिला अभंग, पदं लावून देते. वावरात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत ती ऐकते आणि गाणाऱ्याचा उद्धार करते. एकदा कामरगावच्या बाजारात एक गिऱ्हाईक वांग्याचा भाव विचारत होतं. नेमकी त्याच वेळी मोबाईलमधल्या बुवांनी तान घेतली. आई ओरडली, "मर मेल्या!" तो बिचारा वांगी ठेवून चालता झाला, आणि पुढचे दोन बाजार आमच्या दुकानाकडं फिरकला नाही. मी हसून हसून दमले. आई म्हणाली, "गेला तं जाऊ दे. थो सूर गेला असता तं कुठून आनला असता?"

आता अशा बाईला आमच्या गावानं काय द्यावं? झारा दिला!

तिच्या पुऱ्या फुगतात, हा तिचा गुन्हा. सून म्हणून आली त्या साली काल्याच्या सैपाकाला गेली, कढईवर बसली, आणि पुऱ्या टम्म निघाल्या. झालं. तेव्हापासून कढई तिची. देवळामागं टिनाचं शेड आहे, तिथं भट्टी लागते. कणीक मळणं, भाजी चिरणं, वरण शिजवणं ही कामं गाणं चालू असतानाच होतात आणि ती मुकाट्यानं होतात, म्हणून तोवरचं गाणं आईला बऱ्यापैकी ऐकू येतं. पण भैरवी सुरू झाली की तेल. तेलाचा चरचराट, लाटणाऱ्या बायांची आरडाओरड, वाढणाऱ्या पोरांचं "आना, आना". पंगत गरम पुऱ्यांवरच बसली पाहिजे हा गावाचा हट्ट.

गाणारे असायचे मूर्तिजापूरचे नानाजी मास्तर. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेला माणूस. काल्याला वर्षानुवर्षं तेच यायचे आणि भैरवीत दत्ताचं एक पद म्हणायचे. सुरुवातीला नुसतं नाव घ्यायचे. 'द' वरून निघायचे, हळूहळू वर चढायचे, कुठंकुठं फिरायचे, आणि 'त्ता' वर यायच्या आत इकडं पहिला घाणा तेलात पडलेला असायचा. नाव पुरं होतं कसं, ते आईनं कधी ऐकलंच नव्हतं. मोबाईलवर भैरव्या पुष्कळ आहेत, मी तिला लावून दिल्या. तिनं ऐकल्या, शिव्याही दिल्या. मग म्हणाली, "हे चांगलंच हाये व. पन मास्तर थ्या नावाले कुठं नेऊन ठेवते, थे मले पाह्यचं हाये."

कढईवर बसून ती मांडवाच्या दिशेनं बघायची आणि चिडायची. "मागचे उठतात पंगतीले, पन पुढच्या वळीतले मोठे मोठे लोकं बसून आयकत असतीन सारं. अन् मी इथं धुपून राह्यली." मी तिच्याशेजारी लाट्या करायचे. माझाही जीव जळायचा, पण मांडवात काय चालतं ते मलाही कुठं दिसत होतं? मध्ये टिन.

आमच्या मंदिर कमिटीचे अध्यक्ष जगदेवभाऊ. माणूस वाईट नाही, हे मी दात-ओठ खाऊन लिहिते. राबतो, देवाचं काम मनापासून करतो. पण गाणं म्हणजे जेवण तयार होईपर्यंत लोकांना बसवून ठेवायची सोय, असं त्याचं पक्कं मत. एका साली मास्तर आजारी होते, तेव्हा कारंज्याचा एक तरुण गवई आणला होता. त्या भोळ्यानं मधेच भैरवीतलं एक भजन घेतलं. मांडव उठला! ताटं निघाली, पोरं धावत शेडात आली, आणि आम्ही घाबरून पुऱ्या तळायला घेतल्या. वांग्याची भाजी अजून शिजत होती. पुऱ्या थंड होऊन चामड्यासारख्या झाल्या. लोकांनी शिव्या कुणाला दिल्या? त्या गवयाला. तेव्हापासून कमिटीचा नियम झाला की शेडातून निरोप आल्याशिवाय भैरवी घ्यायची नाही. जगदेवभाऊ स्वतः येऊन विचारतो, "वयनी, तेल तापलं काय?" आई हो म्हणाली की तो मांडवात जाऊन मास्तरांना खूण करतो. बाकी ठिकाणी भैरवी गाणाऱ्याच्या मनावर सुरू होत असेल. आमच्या धनजला ती तेलाच्या मनावर सुरू होते.

मागच्या हिवाळ्यात बातमी आली की मास्तरांचं हे शेवटचं वर्ष. गळा साथ देत नाही, प्रवास झेपत नाही, पुढच्या साली त्यांचा शिष्य येईल. ही बातमी माझ्या नवऱ्यानं, मुकेशनं आणली. तो कमिटीत आहे. जेवता जेवता सहज बोलून गेला, जसं काही दूधवाला बदलणार आहे. आईनं घास खाली ठेवला. हात धुतले आणि त्याच पावली देवळाकडं निघाली. मी मागं.

मांडव उभा राहत होता. जगदेवभाऊ बांबूंपाशी उभा होता. आई सरळ जाऊन म्हणाली, "भाऊजी, या साली मी भैरवीले मांडवात बसतो. पुऱ्या भैरवी झाल्यावर टाकू."

"काहो वयनी, चेष्टा करता काय?" जगदेवभाऊ हसला. "भैरवी झाल्यावर पुऱ्या टाकल्या तं लोकं काय तोंडाकडं पाहत बसतीन? बाहेरगावचे पाहुने असतात."

"बसले थोडे तं काय मरतात काय?"

"दुसऱ्या कोनाले कढईवर बसवा मंग."

"बसवा ना. तुमीच बसवा. मी कवा नाइ म्हनलं?"

यावर तो म्हणाला ते मी विसरणार नाही. "दुसऱ्याच्या पुऱ्या फुगत नाइ वयनी. अन् तुमाले तिथून गानं आयकू येतेच ना?"

आई म्हणाली, "येते. तुमाले बी शेडातून पुऱ्याचा वास येते ना? मंग वासावरच भागवा या साली."

बांबू धरलेली पोरं फिदीफिदी हसली. जगदेवभाऊ मात्र विचारात पडला आणि त्यातून त्यानं काय काढलं, तर आईसाठी खास शेडाजवळ स्पीकरचा एक डबा बसवून दिला. मोठा. पंगतीच्या जागेकडं तोंड करून. 'वयनीची सोय केली' असं गावभर सांगत सुटला. मुकेशलाही ते पटलं. "आई, आता तं झालं ना समाधान?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो ताट घेऊन ओट्यावर जाऊन जेवला. तेलाचा चरचराट डब्यानं कमी होतो का? आणि मुद्दा आवाजाचा होता का? माणसाला समोर बसून ऐकायचं आहे. गाणाऱ्याचं तोंड बघायचं आहे. एवढी साधी गोष्ट सांगायला किती तोंड वाजवावं लागतं!

काल्याच्या दिवशी आई कढईवर बसली. मला वाटलं, हरली. मास्तरांचं गाणं सुरू झालं. आवाज खरंच थकला होता, मधेच खोकला यायचा, पण आईच्या शिव्या चालू होत्या. म्हणजे गाणं चांगलं चाललं होतं. भाजी झाली, वरण झालं, भात उतरला. जगदेवभाऊ आला. "वयनी, तेल तापलं काय?"

"तापलं," आई म्हणाली.

तो गेला. थोड्याच वेळात डब्यातून पेटीचे ते सूर आले. विमलबाई परात सरकवत ओरडल्या, "टाका व, टाका!" आईनं झारा खाली ठेवला. भट्टीतली लाकडं एकेक करून ओढून काढली आणि शेजारच्या बादलीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं. फस्सदिशी धूर झाला. आम्ही सगळ्या खोकत उठलो.

"व माय, पुऱ्या!" विमलबाई किंचाळल्या.

"लाटून ठेवा," आई म्हणाली, पदराला हात पुसले आणि निघाली. मी लाटणं टाकलं आणि तिच्यामागं धावले.

टिनाला वळसा घालून आम्ही मांडवात आलो आणि आई थबकली.

मांडवात कुणी नव्हतं. म्हणजे एक म्हातारा झोपला होता, आणि दोन बाया लेकरांना चपला घालत होत्या. पुढच्या ओळीतल्या खुर्च्या, त्या मोठ्या मोठ्या लोकांच्या, सगळ्यात आधी रिकाम्या झालेल्या. ती मंडळी पंगतीत वरच्या टोकाला बसली होती. मास्तर डोळे मिटून गात होते, तबलजी घड्याळाकडं बघत वाजवत होता. आई अगदी पुढं जाऊन सतरंजीवर बसली. मास्तरांनी पदाची एक ओळ म्हटली, तीच परत म्हटली, एक कडवं घेतलं, आणि संपवलं. हात जोडले. शालीकडं हात नेला.

"झालं?" आईनं विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर माणूस पाहून दचकलेच. "झालं बाई. जा, जेवून घ्या."

"एवढीशीच असते काय भैरवी?"

"असते बरीच. इथं मी एवढीच गातो." मास्तर शांतपणे बोलत होते. "पहिल्या वर्षी पुरी गायलो होतो. डोळे उघडले तर समोर चपलासुद्धा नव्हत्या. मग कशाला?"

आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही रडते. पण ती भडकली. "कशाले म्हनजे? तुमी गावासाठी गाता का दत्तासाठी? गाव उठलं जेवाले, दत्त तं नाइ ना उठला? थो बसूनच हाये ना तिथं?" तिनं गाभाऱ्याकडं हात केला. "अन् मी भट्टी विझवून आली. साऱ्या गावाले उपाशी बसवलं. अन् तुमी म्हनता, जेवून घ्या!"

तबलजी तबल्याची खोळ चढवत होता, त्याच्या हातावर मास्तरांनी हात ठेवला.

तेवढ्यात जगदेवभाऊ धावत आला. "वयनी! भट्टी कोनं विझवली?"

"मी."

"काहून?"

"गानं आयकाले."

"लोकं ताटं घेऊन बसून राह्यले तिकडं!"

"बसलेच हायेत तं आयकू द्या त्याइले. डबा तं तुमीच लावला."

जगदेवभाऊनं तोंड उघडलं, पण मास्तरांनी पेटीवर बोटं ठेवली होती. देवाच्या माणसासमोर ओरडायचं नाही एवढी रीत त्याला आहे. तो पाय आपटत भट्टी पेटवायला गेला.

मास्तरांनी नाव घेतलं. 'द' वरून निघाले. घसा खरखरत होता. वर जाताना एकदा आवाज फाटला, तेव्हा ते थांबले नाहीत, तिथूनच वेगळ्या वाटेनं वळले. मला गाण्यातलं आईपेक्षाही कमी कळतं. मी आईकडं बघत होते. ती पुढं झुकली होती, दोन्ही हात सतरंजीवर टेकून. ते नाव कितीतरी वेळ हवेत राहिलं. आता टेकतं, आता टेकतं असं वाटायचं आणि मास्तर पुन्हा उचलून न्यायचे. आणि मग अगदी अलगद, खाली, जिथं येईल असं वाटलंच नव्हतं तिथं ते 'त्ता' वर आले.

"आरे मेल्या!" आई ओरडली.

माईक उघडा होता. ते पंगतीत, रस्त्यावर, साऱ्या गावात ऐकू गेलं. नानाजी मास्तरांना भरसभेत मेल्या! मास्तरांचा चेहरा असा फुलला की मला आजही आठवला तरी हसू येतं. ते तिच्याकडं बघून गायला लागले. पद गायले, पुन्हा पुन्हा तीच ओळ घेऊन दर वेळी नवीन दाखवत गायले. आई शिव्या देत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला आनंद झाला होता. मला झाला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही.

गाव एका भैरवीत शहाणं झालं असं मी सांगणार नाही. पंगतीत काही जण ताटं वाजवत होते. काही जण चिडून घरी गेले. मांडवाच्या कडेला मात्र चार माणसं येऊन उभी राहिली, मग बसली. त्यांत मुकेश होता. वाढायची वरणाची बादली तशीच हातात.

पुऱ्या दुसऱ्यांनी तळल्या. एकही फुगली नाही. लोकांनी तोंडं वाकडी करून पोटभर खाल्ल्या. आणि जगदेवभाऊनं जाहीर केलं, "पुढच्या सालापासून आचारी लावू. बायाइच्या भरवशावर राहनं नाइ." मी ताडकन उठून म्हटलं, "भाऊ, हे इतक्या वर्षांत सुचलं नाही तुम्हाला?" तो म्हणाला, "कोनी म्हनलंच नाइ." घ्या! बाई समोर उभी राहून बोलली ते 'म्हणणं' नाही. भट्टी विझली तेव्हा ते म्हणणं झालं.

मास्तर गेले. जाताना आईला वाकून नमस्कार करून गेले, आणि ती इतकी गोंधळली की तिनं त्यांना एक जुडी मेथी दिली.

दुपारी आम्ही दोघी वावरात आलो. आई पालकाला पाणी देत होती. मोबाईल लावू का म्हटलं तर नको म्हणाली. मला वाटलं, मन भरलं असेल. तसं विचारलंही.

"मन काय भरते?" ती वसकन ओरडली. "संताप येऊन राह्यला मले."

"आता कशाचा संताप, आई? ऐकलं ना सगळं?"

ती बांधावर बसली. चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

"मी तेलापाशी बसून इतकी वर्सं जळली. मले वाटे, पुढचे सारे आयकून राह्यले अन् मीच तेवढी नाइ. इथं कोनी आयकतच नव्हतं व पोरी. थो गातच नव्हता. मी कोनाचा हेवा करत होती?" तिनं पायानंच पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाली, "सारं होतं त्याच्यापाशी. कोनी मागतलंच नाइ."